पेन्सिलीने लिहिलेला पत्ता

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, दुसऱ्या दिवशी लेकीचा पीएसएलईचा गणिताचा पेपर, आणि दप्तर भरता भरता तिच्या लक्षात आलं की टू-बी पेन्सिल नाही! इथे मुलं वाढवणाऱ्या मंडळींना या वाक्यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. पर्यायी उत्तरांचा कागद यंत्र तपासतं आणि त्यावरचा रकाना टू-बीनेच काळा करायचा, असा दंडक आहे. घरात पेन्सिली नव्हत्या असं नाही. हॉटेलातून आलेल्या, वाढदिवसांच्या ‘रिटर्न गिफ्ट’मधल्या, शेंड्याला गोंडा लावलेल्या, बटण दाबलं की शिसं पुढे येणाऱ्या, अशा वीस-पंचवीस तरी निघाल्या. टू-बी मात्र एकही नाही.

शेवटी मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून अण्णांचा पत्र्याचा डबा काढला. अण्णा म्हणजे माझे वडील. डब्यात टू-एच, एच, एचबी अशा पेन्सिली रांगेने लावलेल्या आणि तळाशी एक टू-बी, बोटभर उरलेली. मी मोठ्या ऐटीत ती पुढे केली. लेकीने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “बाबा, ही उंदराने खाल्ल्यासारखी दिसतेय.” ब्लेडने टोक काढलेली पेन्सिल तिने जन्मात पाहिली नव्हती.

मुकाट्याने चपला घातल्या, खालच्या दुकानातून नव्या दोन आणल्या. परत आलो तोवर ती झोपली होती आणि डबा टेबलावर उघडाच होता. त्या रात्री मी त्या डब्यापाशी बराच वेळ बसलो. हा लेख तेव्हापासून डोक्यात आहे. संपादकांनी दोनदा आठवण केल्यावर आता कागदावर उतरतोय. (हो, कच्चा खर्डा पेन्सिलीनेच लिहिला.)

आपल्या पिढीला ‘पेन्सिल’ म्हटलं की आधी पाटीवरची पेन्सिल आठवते. कागदावर लिहायची ती शिसपेन्सिल. आता या शिसपेन्सिलीत शिसं औषधालाही नसतं! सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात एक काळा, मऊ, हाताला लागणारा दगड सापडला. लोकांना वाटलं, शिशाचाच काही प्रकार असावा. तो निव्वळ कोळशाच्या जातीचा, म्हणजे कार्बन आहे, हे शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं ते १७७९ साली. ‘ग्रॅफाइट’ हे नाव त्याला १७८९ मध्ये मिळालं. तोवर दोनशे वर्षं उलटली होती आणि चुकीचं नाव पक्कं होऊन बसलं होतं. गंमत म्हणजे ही चूक एकट्या मराठीची नाही. जर्मन लोक पेन्सिलीला ‘शिशाची कांडी’ अशाच अर्थाचा शब्द वापरतात. चिनी भाषेत ती ‘छ्येन-पी’, म्हणजे शिशाची लेखणी. हे मला लेकीच्या वर्गातल्या चिनी मैत्रिणीने सांगितलं. मलायवाल्यांनी फार विचार न करता सरळ ‘पेन्सेल’ म्हणून टाकलं.

एच आणि बी ही भानगड त्यानंतरची. १७९० च्या दशकात फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध जुंपलं आणि इंग्रजी ग्रॅफाइट मिळेना. तेव्हा निकोला कोंते या गृहस्थाने ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळली, कांड्या वळल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. माती जास्त घातली की कांडी कडक आणि रेघ फिकी; हा एच. ग्रॅफाइट जास्त घातलं की कांडी मऊ आणि रेघ काळीभोर, हा बी. जिन्नस दोनच, भट्टी एकच. आजही पेन्सिल मुळात अशीच बनते. सव्वादोनशे वर्षांत जिच्या कृतीत मोठा फरक करावा लागला नाही, अशी दुसरी वस्तू मला माझ्या धंद्यात तरी माहीत नाही. लेकीच्या परीक्षेत टू-बीचा आग्रह याचसाठी. कार्बन उजेड शोषून घेतो, तो रकाना यंत्राला काळा दिसतो, आणि टू-एचने केलेली फिकी खूण यंत्राच्या नजरेतून सुटू शकते.

लाकडाची कथाही छान आहे. आपल्या लहानपणीच्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या नटराज पेन्सिली बनवणारी हिंदुस्तान पेन्सिल्स कंपनी १९५८ साली मुंबईत निघाली. भारतातल्या पेन्सिलींना लागणारं बरंचसं लाकूड काश्मीरमधल्या पुलवामाच्या पॉप्लर झाडांचं असतं. इकडे मलाया-बोर्निओच्या जंगलात जेलुतोंग नावाचं उंच झाड आहे, त्याचंही लाकूड पेन्सिलीला चालतं. मॅकरिची जलाशयाच्या रानात जेलुतोंग टॉवर आहे ना, तेच नाव. याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनायचं. म्हणजे एकाच झाडाचं लाकूड सिंगापूरच्या शाळेत सक्तीचं आणि चीक १९९२ पासून बंदीत!

कंपासपेटी मात्र आमच्या घरी कॅम्लिनचीच. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या-गोळ्यांपासून सुरू केलेला तो धंदा. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने त्यात मोठा हिस्सा घेतला, तेव्हा अण्णा दोन दिवस गप्प होते.

अण्णा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात होते. अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. अनुरेखक म्हणजे ट्रेसर, आरेखक म्हणजे ड्राफ्ट्समन; खात्याबाहेर हे शब्द कोणी वापरत नसे, पण घराच्या पाटीवर होते. धोम धरणाच्या कालव्यांचे छेद त्यांनी वर्षानुवर्षं काढले. आधी पेन्सिलीने, मग वर ट्रेसिंग पेपर पसरून शाईने, मग त्याच्या अमोनिया प्रिंट. शाईची रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायची. त्यामुळे जो काही विचार करायचा तो पेन्सिलीच्याच टप्प्यावर, असं ते म्हणत.

त्यांचं टोक काढणं हा एक सोहळा असे. गिरमिट त्यांना वर्ज्य. ब्लेडने लाकूड लांबट छिलायचं, शिसं अर्धा इंच उघडं ठेवायचं आणि मग पॉलिश पेपरवर फिरवत फिरवत सुईसारखं करायचं. लांब रेघ ओढताना पेन्सिल दोन बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे टोक सगळीकडून सारखं झिजतं आणि रेघेची जाडी बदलत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर खांद्यावर टाकून मी कॉलेजला गेलो, तेव्हा ही एकच गोष्ट मला बाकीच्यांपेक्षा बरी येत होती. त्याआधी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. स्मरणचित्रात माझी माणसं नेहमी पाठमोरी, कारण तोंडं जमत नसत. अण्णा म्हणायचे, “तुझी माणसं कायम कुठेतरी निघालेली असतात.”

पेन्सिल बोटात धरवेनाशी झाली की ते तिच्या मागे जुन्या पेनचं टोपण बसवत. त्यातूनही उरलेला तुकडा आई वाण्याच्या हिशेबाला वापरी. आणि पेन्सिलीची सालं दुधात टाकून ठेवली की खोडरबर तयार होतो, ही आमच्या गल्लीत सर्वमान्य असलेली माहिती मी त्यांच्या छिललेल्या सालांवर आठवडाभर पडताळून पाहिली होती. दूध नासलं. आईने पाठीत धपाटा घातला, अण्णा मात्र म्हणाले, “प्रयोग केला ना, मग नोंद ठेव.”

२००३ मध्ये मास्टर्स करायला मी इथे आलो आणि तिघा मित्रांबरोबर टँग्लिन हॉल्टला एका खोलीत राहिलो. क्वीन्सटाउन म्हणजे सिंगापूरचं पहिलं उपनगर. एचडीबीच्या जन्माआधी, १९५० च्या दशकात, सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हे काम काढलं आणि १९५३ मध्ये राज्याभिषेक झालेल्या राणी एलिझाबेथचं नाव त्याला दिलं. टँग्लिन हॉल्ट हे नाव जवळच्या रेल्वेच्या थांब्यावरून आलं. तेव्हा मलायन रेल्वे चालू होती. पहाटे गाडी गेली की खिडकीची काच थरथरायची आणि क्षणभर कोरेगाव स्टेशनजवळच्या मामाच्या घरात असल्यासारखं वाटायचं. ती गाडी २०११ च्या ३० जूनला शेवटची धावली. आमची इमारत दहा मजल्यांची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. जुने लोक त्या इमारतींना होक्कियन भाषेत ‘चाप लाउ चू’ म्हणत, म्हणजे दहा मजली घरं. अशी नावं ठेवायला माणसाला इमारतीबद्दल ममता असावी लागते.

लग्नानंतर कॉमनवेल्थ ड्राइव्हला गेलो, मग पुन्हा टँग्लिन हॉल्टच्याच एका ब्लॉकमध्ये. अण्णा-आई २०१३ मध्ये तीन महिने राहायला आले ते या घरी. आई नातीत रमली. अण्णांचं काय करायचं हा प्रश्न होता. मॉल त्यांना आवडेनात. पहिल्या आठवड्यात त्यांनी मार्गारेट ड्राइव्हचं वाचनालय शोधून काढलं. ते ३० एप्रिल १९७० ला पंतप्रधान ली क्वान यू यांच्या हस्ते उघडलं, हे कळल्यावर फार खूश झाले. महाराष्ट्राच्या दहाव्या वाढदिवसाची आदली रात्र! इमारतीच्या दर्शनी भागावर बो-टायच्या आकाराची नक्षी आहे, ती त्यांनी वहीत काढून आणली, मापांसकट. पुढे २०१४ मध्ये ती इमारत जतन करायच्या यादीत गेली. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “मग, मी मापं घेतली होती ना.”

त्यानंतर त्यांनी आमचा ब्लॉक काढायला घेतला. निसर्गचित्र वगैरे काही नाही, सरळ खात्याच्या पद्धतीचा दर्शनी आराखडा. जुन्या रुळांच्या जागी गवत वाढलं होतं, तिथे सकाळी स्टूल टाकून बसत. उंची कशी काढली? जिन्याच्या एका पायरीची उंची सहा इंची पट्टीने मोजली आणि दहा मजले चढत पायऱ्या मोजल्या. लांबी पावलांनी. खिडक्यांतून बाहेर काढलेले कपड्यांचे बांबू त्यांनी प्रामाणिकपणे दाखवले, त्यावरचे कपडे गाळले. “कपडे तात्पुरते असतात,” म्हणाले. कोपऱ्यात चौकट आखून त्यात प्रमाण, तारीख आणि सही. शाईने पक्का करू या, मी चांगला कागद आणून देतो, असं मी म्हटलं. “राहू दे, अजून दोन खिडक्यांबद्दल शंका आहे,” म्हणाले. त्या शंका तशाच राहिल्या.

दुपारी ते खाली दगडी टेबलापाशी बसत. ज्यावर बुद्धिबळाचा पट कोरलेला असतो, ती टेबलं. तिथे पाचव्या मजल्यावरचे चिनी अंकल पेपरातलं सुडोकू सोडवत. त्यांना होक्कियन आणि थोडं मलाय येई, अण्णांना मराठी आणि सरकारी हिंदी. सुडोकूला भाषा लागत नाही. हा खेळ १९७९ मध्ये एका अमेरिकन मासिकात प्रथम आला आणि १९८४ मध्ये जपान्यांनी त्याचं नाव ठेवलं. अंकलकडे अलेक्झांड्रा रोडवरच्या इकियातली ती बोटभर फुकट पेन्सिल होती, खोडरबर नसलेली. अण्णांनी चौथ्या दिवशी स्वतःच्या एचबीला त्यांच्यासमोर ब्लेडने टोक काढलं आणि ती त्यांना दिली. तेवढ्यावर मैत्री जमली. चूक निघाली की अंकल “पेन्सेल, पेन्सेल” म्हणत हात पुढे करायचे आणि अण्णा त्यांना खोडरबर द्यायचे. तीन महिने हे चाललं.

अण्णांची स्वतःची आवड शब्दकोड्याची. आईने बॅगेत साताऱ्याहून कोड्यांच्या कात्रणांची जुडी आणली होती, पापड-सांडग्यांच्या शेजारी. मराठी शब्दकोडं पेनने सोडवणारा माणूस एक तर विद्वान असतो नाहीतर उद्धट. इंग्रजी कोड्यात चौकटीत एक अक्षर, चुकलं तर पूर्ण चुकलं. आपल्याकडे चौकटीत ‘क’ असतो, ‘कि’ असतो, ‘की’ असतो, ‘क्की’सुद्धा असतो. आडवा शब्द सांगतो ऱ्हस्व, उभा म्हणतो दीर्घ. अशा वेळी अक्षर तसंच ठेवून फक्त वेलांटी पुसायची आणि दुसऱ्या बाजूला काढायची. हे अर्धं पुसणं पेन्सिलीशिवाय होत नाही. अण्णा त्यासाठी नकाशांवर वापरायची भोकं पाडलेली पातळ पट्टी ठेवत, म्हणजे शेजारच्या अक्षराला धक्का न लावता नेमकी वेलांटीच जाते. कोडं सुटलं की चौकटी इतक्या स्वच्छ दिसत, की यांना पहिल्याच दमात सगळं आलं असं वाटावं.

माझा स्वतःचा दिवस पडद्यावर जातो. आमच्याकडे आता मजलेच्या मजले संगणकात उभे राहतात, पाहिजे त्या कोनातून फिरवता येतात. तरी साइटवर सुतार कानावर चपटी पेन्सिल खोचूनच येतो. चपटी का? मचाणावरून घरंगळत जाऊ नये म्हणून. धुळीच्या फळीवर, ओलसर प्लायवर ती उमटते. बॉलपेन दोन रेघांत गुदमरतो. मी पहिल्या वर्षी नोंदी शाईने करत असे. एका दुपारी इथला तो प्रसिद्ध पाऊस आला आणि वहीची तीन पानं निळी झाली. त्यातली मापं पुन्हा घ्यायला दोन दिवस गेले. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतंच.

पेन्सिलीचा विषय निघाला की पार्टीत कोणीतरी हटकून अंतराळाचा किस्सा सांगतो: अमेरिकेने लाखो डॉलर खर्चून अंतराळात चालणारं पेन बनवलं आणि रशियनांनी पेन्सिल वापरली. ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. आधी दोघेही पेन्सिलीच वापरत होते. उलट १९६५ मध्ये नासाने यांत्रिक पेन्सिली एकेकी १२८ डॉलरच्या वर मोजून घेतल्या म्हणून तिकडे आरडाओरडा झाला. पेन फिशर नावाच्या उद्योजकाने स्वतःच्या पैशाने बनवलं आणि नंतर ते रशियनांनीही विकत घेतलं. वजनरहित यानात पेन्सिलीची मोडकी टोकं आणि पूड तरंगत राहते, ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आग लागायची भीती. तेवढ्या एका जागी पेन्सिल हरली असं म्हणू या.

२०१४ च्या जूनमध्ये टँग्लिन हॉल्ट आणि कॉमनवेल्थ ड्राइव्हच्या ३१ ब्लॉकना नोटीस आली. पुनर्विकास. रहिवाशांना डॉसनकडे नवी घरं. अंकलही तिकडे गेले. आम्ही भाडेकरू, आम्ही मेलिंग स्ट्रीटला आलो. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, “त्या दोन खिडक्या बघून ठेवल्यास का?” मी नव्हत्या बघितल्या. पुढे ती घरं रिकामी झाली.

अण्णा २०१७ मध्ये गेले. दिवस झाल्यावर आईच्या सांगण्यावरून मी त्यांची टेबलाची खणं आवरत होतो. हा पत्र्याचा डबा तिथेच मिळाला. त्याच्याखाली पत्त्यांची डायरी होती. आत्या, मामा, खात्यातले सहकारी, सगळे पत्ते निळ्या शाईत, त्यांच्या त्या सरळ, एका उंचीच्या अक्षरांत. पुण्याच्या माझ्या बहिणीने दोनदा घर बदललं, तर जुना पत्ता शाईच्या एका रेघेने खोडून खाली नवा, तोही शाईत. माझं पान उघडलं. नाव शाईत आणि पत्ता पेन्सिलीने. चार वेळा पुसून पुन्हा लिहिलेला, कागद त्या जागी पातळ झालेला, उजेडासमोर धरला तर बोट दिसावं असा. इथल्या पिनकोडचे पहिले दोन आकडे भागाचे असतात आणि क्वीन्सटाउनचे ते १४. मी कितीही घरं बदलली तरी भाग तोच राहिला, त्यामुळे ‘सिंगापूर १४’ एवढं त्यांनी कधी पुसलंच नव्हतं. पुढचे चार आकडे तेवढे बदललेले. त्या कोड्यातल्या वेलांटीसारखे.

मी आईला विचारलं, माझाच पत्ता पेन्सिलीने का?

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तूच म्हणाला होतास ना विमानतळावर, दोन-तीन वर्षांत येतो म्हणून.”

म्हणालो होतो. २००३ मध्ये. अण्णांनी त्यानंतर एकदाही मला कधी येणार म्हणून विचारलं नाही, फोनवरही नाही आणि इथे आले तेव्हाही नाही. मी ते त्यांचा समजूतदारपणा समजत होतो. डायरी मी तिथेच ठेवली, डबा घेऊन आलो, आणि तो सहा वर्षं कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता.

गेल्या वर्षी आम्ही डॉसनला घर घेतलं. भाड्याचं नाही, स्वतःचं; बाविसाव्या वर्षी. खिडकीतून वाचनालयाचं छप्पर दिसतं. अण्णांचा तो आराखडा चौकट करून दिवाणखान्यात लावला आहे. पेन्सिलीचा, तसाच. किल्ल्या मिळाल्या त्या संध्याकाळी आईला फोन केला. तिला आनंद झाला, तिने देवापुढे साखर ठेवली, आणि मग म्हणाली, “पत्ता सांग, लिहून घेते.”

मी सांगायला सुरुवात केली.

“थांब जरा,” ती म्हणाली. टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ती काहीतरी शोधत होती. मग म्हणाली, “हं, मिळाली. टोक मोडलंय, पण चालेल. सांग.”